हाताचा वास

गेल्या अंकात मी ‘मॅकबेथ’वर लिहिलं, आणि त्यानंतर आलेल्या पत्रांत जवळजवळ प्रत्येकानं फिरून एकच विचारलंय: अपराध कुणाचा आणि भोगलं कुणी, हा हिशेब या नाटकात जुळत का नाही? सगळी पत्रं घेणं शक्य नाही, काही घेते.

मागचा अंक हाती नसलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात. स्कॉटलंडचा पराक्रमी सरदार मॅकबेथ लढाईवरून परतताना त्याला तीन चेटकिणी भेटतात. तू राजा होशील, म्हणतात. सोबतच्या बँकोला म्हणतात, तू नाही, पण तुझे वंशज होतील. मॅकबेथ बायकोच्या साथीनं घरी पाहुणा आलेल्या डंकन राजाला झोपेत मारतो आणि स्वतः राजा होतो. मग बँकोला मारवतो. मग मॅकडफ नावाच्या सरदाराची बायकापोरं मारवतो. त्याची स्वतःची बायको झोपेत चालू लागते, हात चोळत राहते आणि मरते. शेवटी मॅकडफ त्याला मारतो.

शेक्सपिअरनं हे साधारण १६०६ साली लिहिलं. आपल्याकडे महाडात जन्मलेल्या शि. म. परांजप्यांनी त्याचं ‘मानाजीराव’ केलं, शिरवाडकरांनी १९५४ मध्ये ‘राजमुकुट’. आम्ही वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावी, देवळाच्या सभामंडपात, १९९६ च्या मे महिन्यात ते बसवलं. मी पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं त्या दीड महिन्याच्या तालमींत मला कळलेलं आहे.

बाई, आमच्या वर्गात वाद झाला. मुलं म्हणतात, सगळं बायकोनं घडवलं, तो बिचारा चांगला होता. मला पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही. खरा अपराध कुणाचा?
— बारावीतली विद्यार्थिनी, देवगड

मुलांना चेटकिणींचा पहिला प्रसंग नीट वाचायला सांग. त्या ‘राजा होशील’ एवढंच म्हणतात. मारून हो, असं कुणीच म्हटलेलं नाही. तरी त्याच्या अंगावर काटा येतो, काळीज बरगड्यांवर आपटायला लागतं आणि खुनाचं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहतं. बायको तेव्हा दूर घरी आहे. तिला त्याचं पत्रसुद्धा मिळालेलं नाही. बी त्याचंच आहे. पाणी तिनं घातलं, आणि हात आखडून घातलं नाही, हे मात्र खरं. तो मागे सरतो, हे प्रकरण इथंच थांबवू म्हणतो, तेव्हा त्याच्या मर्दपणावर बोट ठेवून तीच त्याला पुन्हा उभा करते. यातून तिला सोडवायचा प्रयत्न मी करणार नाही.

पण तिचं एक वाक्य आपण वाचताना भरकन ओलांडून जातो. खंजीर तिनंच काढून ठेवलेले असतात. त्या वेळी ती मनाशी म्हणते, झोपलेला राजा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता, तर मीच केलं असतं. काळीज दगडाचं करून घे, म्हणून अंधारातल्या शक्तींना हाका मारणाऱ्या बाईला ऐन वेळी आपले बाबा आठवले. तिच्या मनातली ही एक फट शेवटपर्यंत बुजत नाही.

दुसरं असं की डंकननंतर मॅकबेथ तिला काहीच सांगत नाही. बँकोवर माणसं घातली तेव्हा तो लाडानं म्हणतो, तुला ठाऊक नसलेलंच बरं, झालं की वाहवा कर. मॅकडफच्या घरावर मारेकरी पाठवताना तर तिला विचारलेलंही नाही. आणि झोपेत चालताना ती काय बोलते? ‘फाइफच्या सरदाराला एक बायको होती. कुठं आहे ती आता?’ हा फाइफचा सरदार म्हणजे मॅकडफ. ज्या खुनात तिचा हात नव्हता, तोही तिनं आपल्या हातावर घेतला. ज्यानं तो करवला, तो मात्र भीतीची चवच विसरलो म्हणतो, आणि बायको गेल्याची बातमी आल्यावर, ती पुढे कधीतरी मरायला हवी होती, म्हणतो.

तेव्हा अपराध जास्त कुणाचा, तर त्याचा. शिक्षा आधी तिला लागली. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि तुझ्या वर्गातल्या मुलांना नेमकं हेच जड जातंय.

आमच्या नाटकात लेडी मॅकबेथ केली ती बंदरावरच्या एका घरातली मुलगी. आई बाजारात मासे विकायची. हात धुण्याचा प्रवेश पहिल्यांदा तिनं सिनेमात पाहिल्यासारखा केला: डोळे मोठे, केस मोकळे, हात कराकरा चोळलेले. मला ते खोटं वाटत होतं, पण काय बदलायचं ते सांगता येत नव्हतं. मी नुसतं विचारलं, ‘तुझी आई बांगडे साफ करून झाल्यावर हात कसे धुते?’ ती थोडा वेळ थांबली. मग लिंबाची फोड घेतल्यासारखी बोटं बोटांत घातली, नखांच्या कडेनं चोळली, पाण्यात बुडवली, झटकली. आणि सवयीनं हात नाकाशी नेला.

सभामंडपात पंधरा-वीस माणसं होती, कुणी हललं नाही. संहितेत तेच आहे गं. डागाबद्दल सगळे बोलतात, पण ती पुढे म्हणते की अजून रक्ताचा वास येतोय, अरबस्तानातली सगळी अत्तरं ओतली तरी हा इवलासा हात सुगंधी व्हायचा नाही. खुनाच्या रात्री हीच म्हणाली होती, थोडं पाणी घेतलं की झालं. डाग डोळ्यांना दिसतो, तो तरी धुतला की गेला म्हणता येतं. वास गेला की नाही ते आपलं आपल्यालाच पाहावं लागतं, आणि आपल्या नाकावर तेव्हा आपलाच भरवसा नसतो.

मी न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालो. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम १०९ प्रमाणे अपप्रेरणा, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी, दिली आणि गुन्हा घडला, तर देणाऱ्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा होती. इथे तर सगळाच अपप्रेरणेचा मामला. मग नाटकात चौकशी, साक्षीपुरावा, काहीच कसं नाही?
— एक वाचक, रत्नागिरी

आहे, पण फक्त सुरुवातीला. कॉडरचा सरदार फितूर होतो, पकडला जातो, गुन्हा कबूल करतो, राजाची क्षमा मागतो आणि शांतपणे मरणाला सामोरा जातो. तो जगला त्यापेक्षा मेला चांगला, अशी खबर येते. अपराध, कबुली, पश्चात्ताप, शिक्षा, सगळं ओळीनं. त्याचा किताब राजा मॅकबेथला देतो, आणि तिथून पुढे हा क्रम नाटकात पुन्हा दिसत नाही.

डंकनच्या खोलीबाहेरच्या पहारेकऱ्यांना लेडी मॅकबेथनं रक्त फासलेलं असतं. त्यांना कुणी काही विचारण्याआधीच मॅकबेथ त्यांना मारून टाकतो, दुःखाच्या भरात हात चालला म्हणतो. ‘असं का केलंत?’ हे मॅकडफ तिथल्या तिथं विचारतो. तेवढी एकच उलटतपासणी. राजाची दोन्ही मुलं जिवाच्या भीतीनं पळतात आणि पळाली हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

तुमचं कलम मॅकबेथला मात्र मनातून पाठ असावं. बँकोचं भूत समोर येतं तेव्हा भुताला तो पहिलं काय म्हणतो? ‘मी केलं असं तू म्हणू शकत नाहीस.’ खरंच आहे, वार भाडोत्री माणसांनी केले. भर मेजवानीत, कुणी आरोप केलेला नसताना, तो बचावाचं भाषण करतो. त्या मारेकऱ्यांचं पुढे काय झालं, नाटक सांगत नाही.

आणि साक्षीदार होते हो. राणी झोपेत बोलते ते एक दासी रात्री ऐकते. वैद्य विचारतो तेव्हा, दुसरा साक्षीदार नाही म्हणून सांगणार नाही, म्हणते. मग वैद्य स्वतः ऐकतो. हिला वैद्यापेक्षा देवमाणसाची गरज आहे, म्हणतो. आणि जाता जाता म्हणतो, मनात येतंय, बोलायची हिंमत नाही. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, खाली पुन्हा लागेल.

आमी धयकाल्यात, म्हणजे दशावतारी खेळात काम करणारी माणसं. जत्रेत रात्रभर खेळ होतो, पण पहाटेपर्यंत असुर मरतोच. संकासुरानं वेद चोरले, विष्णूनं त्याला मारला. या नाटकात चेटकिणी मोकळ्या सुटतात. हा अन्याय नाही काय?
— दशावतारी कलाकार, कुडाळ

तुमचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, आणि उत्तर तुमच्याच देवळात आहे.

आपण देवाला कौल लावतो. गुरव मूर्तीला ओले तांदूळ किंवा कळे लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवा पडला की हो, डावा पडला की नाही. माझी आजी म्हणायची, कौल एकदा घ्यावा. मनासारखा पडेपर्यंत पुन्हा पुन्हा लावणारा माणूस देवाला विचारत नसतो, देवाला सांगत असतो.

पहिल्या भेटीत चेटकिणी त्याच्या वाटेत आल्या. दुसऱ्या वेळी तो स्वतः त्यांच्या कढईपाशी गेला, दटावून विचारू लागला. बाईच्या पोटी जन्मलेला कुणी तुला मारणार नाही. बर्नमचं रान चालत येईपर्यंत तू हरणार नाहीस. त्यानं यातलं गोड तेवढं घेतलं. मॅकडफ आईचं पोट फाडून काढलेला होता, आणि डंकनचा मुलगा माल्कम याचे सैनिक त्या रानातल्या फांद्या तोडून, त्यांच्या आड लपत चालत आले. पहिल्या भेटीतले शब्द बँकोच्याही कानांवर पडले होते, त्यानं कुणाला मारलं नाही. म्हणून मी चेटकिणींना असुर मानत नाही. धयकाल्यातला असुर बाहेर असतो, त्याला तलवारीनं मारता येतं. इथे तो मॅकबेथच्या आतच राहायला आला आहे, आणि मरतो तो त्याच्याबरोबरच.

मेजवानीच्या प्रवेशात बँकोचं भूत दाखवावं का?
— महाविद्यालयीन दिग्दर्शक, चिपळूण

मूळ संहितेत भूत येतं आणि मॅकबेथच्याच जागी बसतं, अशी सूचना आहे. आम्ही दाखवलं नाही, रिकामी खुर्ची ठेवली. पंक्तीत सगळे बसलेले, राजालाच जागा नाही. ‘सगळी आसनं भरली आहेत’ असं तो रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणतो. तुमच्याकडे चांगला नट असेल तर एवढं पुरतं. नसेल तर भूत आणा, पण पीठ फासू नका.

मी गृहिणी आहे. मॅकडफच्या बायकोचा प्रवेश मला वाचवत नाही. तिचा आणि लेकरांचा काय अपराध होता?
— एक वाचक, दापोली

काहीच नाही. ती स्वतःच म्हणते, मी कुणाचं वाईट केलेलं नाही, पळून कुठं जाऊ? आणि लगेच म्हणते, विसरलेच, मी या जगात आहे, इथे वाईट करणाऱ्याला पुष्कळदा शाबासकी मिळते.

ताई, मलाही तो प्रवेश बसवताना त्रास झाला. छोट्या मुलाचं काम करायला गावातलाच आठ वर्षांचा मुलगा होता. आईशी थट्टेत बोलायचं आणि मग मरायचं. त्याची आई रोज तालमीला येऊन बसायची, पण त्या वेळी उठून विहिरीवर जायची. मी तिला कधी अडवलं नाही.

मॅकडफला ही बातमी परदेशात कळते. तो पुन्हा पुन्हा विचारतो: मुलंसुद्धा? बायकोसुद्धा? सगळी? सगळी म्हणालात? समोरचा राजपुत्र माल्कम म्हणतो, मर्दासारखा तोंड दे. मॅकडफ म्हणतो, देईन, पण माणसासारखं मला आधी ते लागलंही पाहिजे. आणि मग दोष घेतो तो स्वतःवर. पापी मॅकडफ, ती सगळी तुझ्यापायी मेली. त्यांच्या नव्हे, तुझ्या दोषांसाठी. खून करवणारा दुसराच आहे, त्याला शिव्या घालायची पूर्ण मुभा आहे, तरी हा माणूस आधी, मी त्यांना मागे सोडून का आलो, हे विचारतो.

शेवटच्या लढाईत मॅकबेथ सगळ्यांवर तुटून पडतो, एकट्या मॅकडफला टाळतो. मागे फिर, म्हणतो, तुझ्या घरच्या रक्ताचं ओझं माझ्या जिवावर आधीच फार झालंय. भीतीची चव विसरलेल्या माणसात एवढं उरलेलं होतं. तुमच्या त्या माउलीला आणि लेकरांना सगळ्या नाटकात मिळालेला न्याय काय तो इतकाच. मला तो पुरत नाही. तुम्हालाही पुरू नये.

बाई, मी नवखी शिक्षिका आहे. स्नेहसंमेलनात मुलांकडून काही प्रवेश करून घेते आहे. बँकोला सज्जन म्हणून उभा करायचा की दोषी म्हणून? मला तो सज्जनच वाटतो, पण काहीतरी खुपतं.
— एक वाचक, मालवण

खुपतंय ते बरोबर खुपतंय.

शेक्सपिअरनं ही गोष्ट हॉलिन्शेड या इंग्रज इतिहासकाराच्या बखरीतून घेतली. त्या बखरीत बँको कटात सामील आहे. नाटक लिहिलं तेव्हा इंग्लंडच्या गादीवर जेम्स राजा होता, आणि त्याचं घराणं स्वतःला बँकोचे वंशज समजायचं. राजाच्या पूर्वजाला खुनी कसं दाखवणार? म्हणून बँकोचे हात धुऊन दिले. पण शेक्सपिअरनं ते पुरते धुतले नाहीत, असं माझं मत आहे.

दोन जागा शेजारी ठेवून वाचा. खून उघडकीला येतो त्या सकाळी बँको सगळ्यांसमोर म्हणतो, मी देवाच्या हाती उभा आहे, या छुप्या कारस्थानाशी मी लढेन. पुढच्या अंकाची सुरुवातच त्याच्या स्वगतानं होते: मिळालं तुला सगळं, त्या बायका म्हणाल्या तसं, आणि मला भीती वाटते की त्यासाठी तू फार वाईट खेळ खेळलास. लढेन म्हणणारा माणूस आता ओळखून आहे. मग त्याच श्वासात त्याला स्वतःच्या वंशाचं भविष्य आठवतं. त्यांचं तुझ्याबाबत खरं ठरलं, तर माझ्याबाबत का नाही? आणि शेवटी: ‘पण गप्प! पुरे.’

तेवढ्यात तुतारी वाजते, नवा राजा येतो, आणि बँको त्याला अदबीनं म्हणतो, मी कायमचा आपल्याशी बांधलेला आहे.

मॅकडफ काय करतो पाहा. तो राज्याभिषेकाला जात नाही, सरळ आपल्या घरी जातो. त्यानं नाही म्हटलं, त्याचं घर कापलं गेलं. हा गप्प राहिला. स्वतः मेला, पण पोरगा निसटला आणि वंश गादीवर आला. म्हणून म्हणते, मुलाला सांगा, बँकोला खलनायक करू नकोस. ‘गप्प! पुरे’ नंतर तीन आकडे मोज, आणि मग लवून मुजरा कर. तेवढ्यात सगळं येतं. वैद्य, दासी, बँको, ही सगळी एकाच रांगेतली माणसं आहेत, आणि ती चांगली माणसं आहेत.

हे मी इतक्या खात्रीनं सांगते, त्याला कारण आहे. नोकरीला लागून मला दुसरं वर्ष होतं, १९७९. मी तेव्हा ज्या शाळेत होते तिथे आठवीच्या सहलीचे दोनशे साठ रुपये कपाटातून गेले. मधल्या सुट्टीत वर्गात एकच मुलगा होता. खाडीपलीकडून होडीनं यायचा, भाकरी वर्गातच बसून खायचा. आळ त्याच्यावर आला. मी त्याच सुट्टीत, व्हरांड्यातून, एका ज्येष्ठ सहकाऱ्याला त्या कपाटापाशी खिशात काहीतरी ठेवताना पाहिलं होतं. खडू असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खडू खिशात कोण ठेवतं? माझा कायम होण्याचा कागद वर गेलेला होता आणि त्यावर त्यांचा शब्द चालणार होता. मुलाच्या वडिलांना बोलावलं, त्यांनी सगळ्यांसमोर मुलाला मारलं, पैसे हप्त्यानं भरायचं कबूल केलं. मी तिथेच उभी होते. मुलगा त्यानंतर शाळेत आला नाही. जूनमध्ये मी कायम झाले.

मॅकबेथ बसवताना ‘पण गप्प! पुरे’ ही ओळ मी मुलांना कधी वाचून दाखवली नाही, तेवढी त्यांची त्यांना वाचायला लावली.

गेल्या आश्विनात बंदरावर लिलाव चालला होता. एका ट्रॉलरवरून उतरलेला, केस पांढरे झालेला माणूस समोर येऊन उभा राहिला. ‘बाईनू, माका वळाखलास?’ मी ओळखलं. त्यानं एक सुरमई पिशवीत घातली, पैसे घेईना. ‘अजून नाटका बसवतास?’ विचारलं. त्याला वाटतं, त्या शाळेत त्याच्याशी बरं वागणारी मी एकटी होते. मी सुरमई घेऊन घरी आले. काहीही बोलले नाही.

तुमचं पत्र वाचल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही. हा मजकूर मी आज टपालात टाकते आहे. अंक तुमच्या हाती पडेल त्याआधी हे त्याला माझ्या तोंडून कळायला हवं. त्याचं घर कुठलं, ते काल होडीवाल्याला विचारून घेतलं. सकाळी साडेसातची फेरी आहे.